वेळासला पाहण्यासारखं काय आहे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो, पण कवितेबद्दल मला सहसा कुणी काही विचारत नाही. गेली पंधरा-सतरा वर्षं मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे. 'तुमच्याकडे पाहण्यासारखं काय काय आहे?' विचारणारे पुण्या-मुंबईचे असतात. दोन दिवसांची रजा असते, मागच्या सीटवर पेंगुळलेली मुलं असतात आणि गाडीची काच अर्धीच खाली केलेली असते. त्यांना पाच-सहा नावं हवी असतात. आमच्या बाजूचा माणूस थोडा वेळ विचार करतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, ''काय नाय ओ. समुद्र हाय.''

यात विनय नसतो. त्याला खरंच तसं वाटतं. पाहण्यासारखं म्हणजे दुसऱ्याच्या गावात असतं ते. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. आज तुम्हाला आमच्या भागातून थोडं फिरवून आणावं म्हणतो. जाता जाता माझी एक जुनी चोरीही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय त्या किनाऱ्याबद्दल बोलण्याचा मला हक्क नाही.

आधी जागा समजून घेऊ. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री महाड-पोलादपूरच्या मुलखातून येते आणि आमच्यापाशी समुद्राला मिळते. खाडीच्या अलीकडे बाणकोट, पलीकडे रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर. अलीकडच्या वेसवीहून पलीकडच्या बागमांडल्याला फेरीबोट जाते. तिच्यात माणसं, मोटारसायकली, गाड्या, आंब्याच्या पेट्या आणि एखादी भेदरलेली शेळी अशी सगळी मंडळी एकाच भाड्याच्या ओळीत उभी असतात. आमचं घर याच खाडीच्या काठावरच्या एका मोहल्ल्यात. बाणकोटच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड करून बसलेलं गाव म्हणजे वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. गावात त्यांचं स्मारक आहे, जुनी देवळं आहेत, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या आहेत.

आमच्याकडून वेळासला जायचं तर गाडी काढू नका. सकाळी चालत निघा. वाटेत बाणकोटचा किल्ला लागतो. त्याला हिंमतगड म्हणतात. कमोडोर जेम्सच्या आरमारानं १७५५-५६ च्या सुमाराला हा भाग आंग्रयांकडून घेतला आणि इंग्रजांनी किल्ल्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. तटाखाली जांभ्यात खोदलेला खंदक अजून आहे. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा जिल्हा झाला, तेव्हा त्याचं मुख्य ठाणं काही काळ बाणकोटला होतं. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हललं. आमचे लोक हे अशा सुरात सांगतात, की जणू गेल्या वर्षीच बदली झाली आणि अजून अर्ज केला तर ठाणं परत येईल.

बुरुजावर उभं राहिलं की खाली सावित्रीचं तोंड दिसतं. नदीचं पाणी मातकट, समुद्राचं निळसर, आणि दोन्हींच्या मध्ये फेसाची वाकडी रेघ. तिथे वाळूचा दांडा आहे आणि तो जागा बदलतो. किल्ल्याच्या परिसरात एका इंग्रज बाईची कबर दाखवतात. आर्थर मॅलेट नावाच्या अधिकाऱ्याची बायको आणि तान्हं मूल याच मुखाशी बोट उलटून बुडाले, आणि मग तो महाबळेश्वरच्या कड्यावर बसून सावित्रीकडे पाहत राहायचा, म्हणून त्या कड्याला 'आर्थर सीट' नाव पडलं, असं सांगतात. महाबळेश्वरच्या त्या कड्यावर मक्याचं कणीस खाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या गोष्टीचं दुसरं टोक आमच्याकडे आहे? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एस.टी.च्या गाड्या माणसांसकट गेल्या, तेव्हाही शोध या मुखापर्यंत आणि त्याच्या पुढे किनाऱ्या-किनाऱ्यानं करावा लागला. वरच्या मुलखात जे घडतं ते नदी आमच्या दारात आणून ठेवते.

म्हणून पाण्याची वेळ न बघता आमच्याकडे कुणी पाण्याजवळ जात नाही. पाहुण्यांनी पहिली गोष्ट शिकावी ती हीच. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, तांडेल होते. त्यांच्याकडे भरतीचं कोष्टक नव्हतं, चंद्र होता. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. घड्याळ लावून जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जीव वाचवायला तेवढं पुरतं. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी आळसावलेलं.

नाना तिथी मोजत नसत, चांदची तारीख मोजत. आमचा महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, त्यामुळे आमची तारीख तिथीच्या साधारण एक मागे असते. नाना तारखेत एक मिळवायचे आणि मग पाऊणपट करायचे. पंधराच्या पुढे गेलं की पंधरा वजा. वेळासचे एक शाळामास्तर त्यांचे दोस्त. गुरुजी पंचांग बघून निघायचे, नाना जंत्री बघून, आणि दोघं एकाच ओहोटीला गरी टाकायला एकाच खडकावर हजर. ''तांडेल, तुमचा चंद्र आज उशिरा निघाला की काय?'' असं गुरुजींनी म्हणायचं, आणि नानांनी, ''गुरुजी, तुमच्यातला एक मी उसना घेतो, म्हणून जमतं.'' २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली तेव्हा टीव्हीवर त्याचं मोठं अप्रूप चाललं होतं. मला नानांचा हिशेब आठवला. जिल्हेजची दहा तारीख, एक मिळवला की अकरा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. दोन्हीकडून भरती सव्वाआठलाच येत होती.

ओहोटीच्या वेळेला आमचा किनारा खरा उघडतो. खाडीच्या चिखलात बायका तिसऱ्या काढताना दिसतील, खडकावर कालवं फोडताना दिसतील. त्यांचे फोटो काढण्याआधी विचारा. त्या खेळत नसतात, संध्याकाळचं कालवण जमवत असतात. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे वाळूवर उतरतात. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, निमाजच्या सफांसारख्या रांगा धरून बसतात. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड उंच झाडावर घरटं करतो आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यात काड्यांची भर घालत राहतो. ते घरटं इतकं मोठं होतं, की लहानपणी आम्हाला वाटायचं, कुणीतरी सरपणाची मोळी झाडावर लपवून ठेवलीय. पलीकडे हरिहरेश्वरला देवळामागे खडकांतून प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं दगडाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. तीही पाहाच, पण ओहोटीलाच. तिथे पाटी लावलेली आहे, आणि पाटी वाचून पुढे गेलेली माणसंच तिथे बुडालेली आहेत.

आता चोरी.

१९८२ सालची थंडी. मी सातवीत होतो. मोहल्ल्याच्या मागच्या वाडीतला एक थोराड मुलगा माझा पुढारी. त्यानं मला विचारलं, ''कासवाची अंडी काढायला येतोस?'' समुद्रकासवाची अंडी काढणं हे तेव्हा आमच्या किनाऱ्यावर चोरी मानलं जात नव्हतं. करवंदं काढावीत तशी काढायचे. कुणी खायचे, कुणी विकायचे. आमच्या घरात मात्र ती कधी शिजली नाहीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. म्हणजे तो होता, पण आमच्या खाडीपर्यंत पोचला नव्हता.

नाना फजरच्या निमाजला गेले आणि मी मागच्या दारानं सटकलो. वेळासच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. पाण्यापासून सुरूच्या झाडांकडे वाळूवर एक रुंद पट्टा गेलेला दिसला. आज लोक म्हणतात, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. आम्ही ट्रॅक्टर पाहिलेला नव्हता. आम्हाला वाटलं, कुणीतरी लहान होडी ओढून नेलीय. वर गेलेला पट्टा आणि खाली परत आलेला पट्टा. मादी रात्री येऊन अंडी घालून गेली होती. माझ्या पुढाऱ्यानं काठी घेतली आणि वाळूत खुपसत गेला. एका जागी काठी सहज आत गेली, टोकाला पिवळं लागून आलं. हातानं उकरलं. कोपरभर खाली ती होती. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, आणि कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नाहीत. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. मी मोजली. एकशे सात.

बंदराजवळच्या एका खाणावळीवाल्यानं ती घेतली. माझ्या वाट्याला सहा रुपये आले. मला कंपासपेटी हवी होती. वर्गात ज्यांच्याकडे नव्हती अशा तिघांत मी होतो. मी ती घेतली.

नानीनं पेटी पाहिली. ''पैसे कुणाचे?'' मला खोटं सुचायचं, पण नानीसमोर टिकायचं नाही. मी सांगितलं. नानी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. ती चुलीपुढे बसली होती, ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, ''ती पाण्यात निघून गेली. अंडी कुणाच्या भरवशावर ठेवून गेली?''

मी म्हटलं, ''वाळूच्या.''

''वाळू कुणाची?''

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

''अमानत होती रे पोरा,'' नानी म्हणाली. अमानत म्हणजे कुणीतरी विश्वासानं आपल्याकडे ठेवून गेलेली वस्तू. आमच्यात अमानतीला हात लावणं हे चोरीपेक्षा वाईट समजतात, कारण चोरीत निदान समोरच्यानं आपल्यावर विश्वास टाकलेला नसतो. तिनं मारलं नाही. पेटी माझ्या हातातून घेतली, पेटाऱ्यात टाकली आणि म्हणाली, ''जा, तो खड्डा तेवढा बुजवून ये.''

मी भर दुपारी एकटा गेलो. आमच्या खड्ड्यात एक कुत्रं गारव्याला झोपलं होतं. ते उठेना. मी ओली वाळू फेकली, मग ते उठून चार पावलांवर जाऊन बसलं आणि मी खड्डा बुजवीपर्यंत माझ्याकडे बघत राहिलं. आत काही नसताना खड्डा इतका काळजीनं का बुजवायचा, ते मला कळत नव्हतं. मी हातानं थापटून सपाट केला.

आठवीच्या पहिल्या दिवशी नानीनं कंपासपेटी काढून दिली, काही न बोलता. मी ती दहावीपर्यंत वापरली.

पुढे बी.ए. झालो, मंडणगडला एका कचेरीत चिकटलो, कविता छापून येऊ लागल्या. त्यांत समुद्र होता, होड्या होत्या, अरबस्तानात गेलेल्यांची बंद घरं होती. कासव कुठेच नव्हतं. मी टाळत होतो असं नाही, मला ते सुचतच नव्हतं. सुचत नसलेल्या गोष्टींची कधी कधी चौकशी करायला हवी.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम गावकऱ्यांबरोबर सुरू केलं. ही बातमी आमच्याकडे आली तेव्हा लोक हसले. अंड्यांना राखणदार! मी एका रविवारी बघायला गेलो. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलं होतं. घरटं सापडलं की अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, वर पाटी लावायची, तारीख आणि संख्या लिहायची. तिथे गावातला एक माणूस उभा होता, माझ्याहून थोडा मोठा. मी त्याला एकदम, का कोण जाणे, माझी एकशे सातांची गोष्ट सांगून टाकली. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, ''अहो भाई, आम्ही काय वेगळं केलं? आम्हीच काढायचो, म्हणून तर आम्हाला घरटी दिसतात. शहरातल्या पोरांना शिकवून महिना जाईल.''

ते खरंच होतं. काठी कुठे खुपसायची, माग कुठे वळतो, कुठे मादी नुसतीच येऊन परत गेलीय आणि कुठे अंडी घालून गेलीय, हे सगळं ज्ञान चोरांकडे होतं. तेच हात पुढे राखणीला लागले.

मग कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे येऊ लागले. वेळासनं एक शहाणपणा केला. मोठी हॉटेलं न बांधता घरोघरी पाहुणे ठेवले. ओटीवर गाद्या, जेवायला घरातलंच. ज्या घरात दिवाळीलाही पाहुणा येत नव्हता, त्या घरातल्या बाईच्या हातात शिमग्याच्या महिन्यात चार पैसे येऊ लागले. थोडी भांडणंही आली. ती कुठे येत नाहीत?

अंडी घातल्यापासून साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं निघतात. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त निपजतात, गार असेल तर नर. म्हणजे एखादा उन्हाळा फार कडक गेला तर एक अख्खी पिढी बहिणींचीच. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलतात. खाली पिल्लं असली तर दिसतात, नसली तर नाहीत. हे पाहुण्यांना पटत नाही. एक गृहस्थ माझ्यासमोर विचारत होते, ''पण शनिवारी नक्की निघतील ना? आम्ही बुकिंग केलंय.'' दोन दिवस राहून एकही पिल्लू न दिसलेली माणसं मी पाहिली आहेत. काही रागावतात. काही मात्र सकाळी नुसती वाळूवर बसून राहतात आणि जाताना तक्रार करत नाहीत. अशी माणसं पुढच्या वर्षी परत येतात, असा माझा अनुभव आहे.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धनच्या बाजूनं ते किनाऱ्यावर चढलं, आणि आम्ही त्याच्या अगदी शेजारचे. चार-पाच तासांत पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ मोडते तेव्हा बंदुकीसारखा आवाज येतो. एक-एक आवाज मोजता येईना, इतक्या त्या एकदम मोडत होत्या. कौलं गेली, पत्रे गेले, वीज तर कितीतरी दिवस गेली. संध्याकाळी वारा पडल्यावर मी ओट्यावर आलो आणि समोर समुद्र दिसला.

श्रोतेहो, हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. आमच्या घरातून समुद्र कधी दिसत नव्हता. मला नाही, आईला नाही, नानांनाही नाही. समुद्राचा आवाज यायचा, वास यायचा, खारा वारा यायचा, पण मध्ये माड आणि पोफळी होत्या. कोकणातला जुना माणूस समुद्राकडे घर उघडं ठेवत नाही. त्या संध्याकाळी तो एकदम दारात येऊन उभा राहिला, आणि आई घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी मुंबईहून आलेले एक ओळखीचे म्हणाले, ''अरे वा, आता तुमच्याकडे सी-व्ह्यू झाला!'' त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी त्यांना चहा दिला.

रोपं लावली. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात, माडालाही तेवढीच किंवा थोडी जास्त. आता पोफळी छातीच्या वर गेल्यात. समुद्र पुन्हा थोडा थोडा झाकतो आहे.

कासवं मात्र वादळानंतरच्या थंडीत आली. त्यांच्याबद्दल आता बरंच कळलंय. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. ती वर गुजरातच्या समुद्राकडे गेली. आम्हाला सांगितलेलं होतं, की मादी जिथे जन्मते त्याच भागात अंडी घालायला परत येते. मग आणखी एक बातमी आली. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण-बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आमच्या खालच्या अंगाला, गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्वेचा समुद्र सोडून, लंकेला वळसा घालून किंवा रामसेतूच्या बाजूनं, कुठून का होईना, ती इकडे आली. तज्ज्ञ यावर चर्चा करतायत. आमच्या मोहल्ल्यात मात्र कुणाला नवल वाटलं नाही. इथल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी कुवेतला आहे किंवा मुंब्र्याला. दोन किनाऱ्यांवर घर असण्याची आम्हाला सवय आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये माझी धाकटी बहीण मुंब्र्याहून आली होती. तिची मुलगी नऊ वर्षांची. तिनंही तोच प्रश्न विचारला, ''मामू, इथे बघायला काय आहे?'' मी तिला रविवारी वेळासला घेऊन गेलो. रमजानचा महिना होता, माझा रोजा होता. जाताना तिला नानांचा हिशेब शिकवला. चांदची आठ तारीख. एक मिळवून नऊ. नवाची पाऊणपट पावणेसात. ''म्हणजे पावणेसातला भरती,'' ती म्हणाली, ''आणि तुझा इफ्तारपण तेव्हाच!'' तोपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सहाला टोपल्या उचलल्या. पहिल्या दोघींखाली काही नाही. तिसरीखाली वाळू हलत होती. मूठभर काळी पिल्लं एकमेकांच्या अंगावरून वर येत होती. बांधलेल्या दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे, पलीकडे ओली वाळू आणि पाणी. पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत, थोडी अलीकडेच ठेवतात आणि चालू देतात. राखणदार सांगत होता, की हजारातलं एखादंच मोठं होतं. भाची माझा हात धरून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, ''यांची अम्मी कुठंय?'' मी म्हटलं, ती ठेवून गेली. मग मला राहवलं नाही. मी तिला एकशे सातांचं सांगितलं, कुत्र्यापर्यंत सगळं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''मामू, हजारातलं एक जगतं ना? मग एकशे सातातलं एकपण नसतं जगलं.''

हा हिशेब मी चाळीस-बेचाळीस वर्षांत कधी केलेला नव्हता. तिनं तो मला बरं वाटावं म्हणून केला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी मान हलवली. एक पिल्लू उलटं फिरलं होतं आणि आमच्याकडे, दोरीच्या दिशेनं येत होतं. सगळे एकदम ''अरे, अरे'' करू लागले. राखणदारानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तो स्वतःही थांबला. पिल्लू थबकलं, मान वर केली, आणि अर्ध्या वर्तुळात वळलं. पुढच्या लाटेनं त्याला मागे ढकललं. त्याच्या पुढच्या लाटेनं नेलं.

पाणी आमच्या पायांपर्यंत आलं होतं. सूर्य टेकला होता. भाचीनं तिच्या आईनं दिलेला डबा उघडला, त्यातला खजूर काढला आणि माझ्यासमोर धरला. ''मामू, वेळ झाली,'' ती म्हणाली.